लाल कडेची खळी

व्लास्ता चेहोविनला एखादी गोष्ट पटली नाही की ती बडबडते, आणि मुळीच पटली नाही की गप्प बसते. येर्नेयने सोमवारच्या बैठकीत तो वर्णपट भिंतीवर दाखवला तेव्हा ती गप्प बसली. मी तिच्या शेजारीच होते. बाकी सगळे पुढे वाकून बघत होते, आमचे प्रमुख प्रोफेसर बातागेल तर उठून भिंतीपाशी गेले, आणि ही हाताची घडी घालून मागे रेललेली.

आमची संस्था विपावा नदीच्या खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी. माणसं मोजकी आणि काम एकच. अवकाश दुर्बिणीने काढलेल्या चित्रांमधून सुपरनोव्हाचा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा, प्रकाश वेगळा काढायचा. तारा फुटतो तो कुठल्यातरी दीर्घिकेच्या पोटात. दुर्बिणीपुढे एक खास काच सरकवली की चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याची लांब पट्टी होते, एका टोकाला निळी बाजू, दुसऱ्या टोकाला लाल. या पट्टीच्या उजेडाचा आलेख म्हणजे वर्णपट, आणि तारा कुठल्या जातीचा ते त्यावरून कळतं. पण काच काही निवड करत नाही. ताऱ्याची पट्टी, त्याच्या दीर्घिकेची पट्टी, शेजारपाजारच्या दीर्घिकांच्या पट्ट्या, सगळ्या एकमेकींवर पडतात. नीरक्षीरविवेक म्हणतात तसला प्रकार, फरक एवढाच की इथे दूध चमचाभर आणि पाणी विहीरभर.

व्लास्ताची पद्धत जुनी होती. तारा विझेपर्यंत थांबायचं. वर्षभराने दुर्बीण पुन्हा त्याच कोनात आली की तीच जागा पुन्हा टिपायची. आता तिथे नुसती दीर्घिका असते. पहिल्या चित्रातून हे दुसरं वजा केलं की उरेल तो तारा. वीसेक वर्षं ती हेच करत आली होती, आणि तिचे वर्णपट चार दिवस दाढी न केलेल्या माणसासारखे दिसायचे, खुंटच खुंट.

येर्नेय कोबाल तिशीतला, बाहेरदेशी शिकून परत आलेला. त्याने लिहिलेला प्रोग्राम वाट बघत नसे. एकाच चित्रातून दीर्घिका ओळखून बाजूला सारायचा आणि तारा हातात द्यायचा. त्याचे वर्णपट गुळगुळीत असत. सोमवारी त्याने दाखवलेला तारा तर फार लांबचा होता, आणि त्याच्या पट्टीच्या लाल टोकाला एक छानशी खळी होती. ती सिलिकॉनची. ज्या जातीचे तारे सगळे सारख्याच तेजाने फुटतात, ज्यांच्यावरून विश्वातली अंतरं मोजतात, त्या जातीची ती ओळख. खळी खरी असेल तर आमच्या पाहणीतला त्या जातीचा हा सर्वांत दूरचा तारा.

"पाडोव्हाच्या परिषदेत हाच दाखवायचा," बातागेल म्हणाले.

आमच्या खोलीत परत आल्यावर मी दार लावलं.

"बोल," मी म्हणाले.

"काय बोलू? छान आहे."

"व्लास्ता."

तिने पडद्यावर एक आलेख उघडला. "ही आपली काच. कुठल्या रंगाचा किती प्रकाश आत सोडते ते. इथून पुढे बघ, रेघ आपटलीच. म्हणजे दार जवळपास बंद. आणि त्या पोराची खळी कुठे आहे? बरोब्बर इथे. दुर्बिणीला जिथे दिसत नाही तिथे ह्याला दिसलं कसं?"

"प्रोग्राम चांगला असेल."

"प्रोग्राम कितीका चांगला असेना. उजेड नाही तिथे उजेड नाही, दारिंका."

त्या दिवसापासून तिला येर्नेयच्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसायला लागलं, आणि खरं सांगायचं तर तिच्यामुळे मलाही. त्याच्या खोलीत कोणी शिरलं की तो लॅपटॉप झाकायचा. आधी ते कधी जाणवलं नव्हतं, आता दर वेळी जाणवू लागलं. प्रोग्राम तो कोणाला देत नव्हता, लेख छापून आला की सगळ्यांसाठी उघडा करीन म्हणायचा. तसं करणारे पुष्कळ असतात. पण एकदा मनात पाल चुकचुकली की पुष्कळांचं उदाहरण उपयोगी पडत नाही.

एकदा कँटीनमध्ये व्लास्ता आपलं ताट घेऊन सरळ त्याच्यासमोर जाऊन बसली. आंबट कोबी आणि घेवड्याचं सूप होतं, योता. त्याने पाव मोडून त्यात टाकला होता.

"येर्नेय, ती कडेची खळी. तिथे तर नुसती खरखर असते."

"खरखरीचा हिशोब प्रोग्राम करतो."

"कसा करतो?"

"तेच तर गुपित आहे," तो हसून म्हणाला. "तुम्हाला सांगितलं तर तुम्ही माझ्याआधी लेख छापाल."

बाकीचे हसले. व्लास्ताही हसली, पण नुसत्या ओठांनी. "आणि मी तुला काहीच नसलेली जागा दिली तर? तिथून काय काढशील?"

"काहीच नाही काढणार. काहीच नसेल तर काय काढू?" असं म्हणून तो शेजाऱ्याशी फुटबॉलबद्दल बोलायला लागला.

संस्थेत कुजबुज सुरू झाली, पण ती येर्नेयबद्दल नव्हती. व्लास्ताच्या पोटात दुखतंय, असं लोक म्हणू लागले. तिला वर्ष लागतं ते हा दुपारपर्यंत करतो, मग दुखणारच. माझ्यासमोर कोणी बोलत नसे, पण मी आले की विषय बदलायचा, त्यावरून कळायचं.

सप्टेंबरात बातागेलांच्या घरच्या मळ्यात द्राक्षं खुडायला आम्ही सगळे जातो, तसे त्या वर्षीही गेलो. पिनेला द्राक्षांचे घड उन्हाने पिवळे झाले होते. येर्नेय वरच्या ओळीत, आम्ही खाली. बातागेल टोपलं रिकामं करायला आमच्याकडे आले तेव्हा व्लास्ताने विषय काढला.

"प्रोफेसर, पाडोव्हाच्या आधी त्याच्या प्रोग्रामची परीक्षा घेऊ या. यादीत चार रिकाम्या जागा मिसळायच्या, त्याला न सांगता. बघू काय येतं."

बातागेलांनी कात्री खिशात घातली. "आपल्याच पोराची झडती घ्यायची? चोरासारखी?"

"झडती कसली. प्रामाणिक असेल तर त्याचं काय जातंय?"

"तुझा नवरा म्हणतो ते खोटं नाही. दुकानातलं दूधसुद्धा तू वास घेतल्याशिवाय आणत नाहीस."

"आणि आमच्याकडे कधी नासकं दूध आलेलं नाही."

ते हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "व्लास्ता, तुझ्या भल्यासाठी सांगतो. लोक ह्याचा वेगळा अर्थ काढतील. वीस वर्षं तू जे केलंस ते ह्याने येता येता केलं, म्हणून..." वाक्य त्यांनी सोडून दिलं आणि टोपलं उचलून गेले.

व्लास्ता बराच वेळ घड कापत राहिली. पानं, काड्या, काहीही न निवडता टोपल्यात टाकत होती. मी तिच्या टोपल्यातली पानं गुपचूप काढून टाकली.

परीक्षा तिने घेतलीच. प्रत्येक ताऱ्याची नेमकी जागा मोजून देणं हे तिचंच काम असल्यामुळे कोणाला विचारायची गरज नव्हती. नव्या यादीत तिने चार जागा अशा घातल्या, जिथे कधीच तारा फुटलेला नव्हता. येर्नेयकडून निकाल परत आल्यावरच तिने मला हे सांगितलं.

मला ते आवडलं नाही. आणि तेव्हा, पहिल्यांदाच, मला तिचाही संशय आला. मी म्हणाले, "मला त्या जागा दाखव."

"का? मी काय खोट्या जागा दिल्या?"

"तू दाखव तर."

तिने दाखवल्या. तिचा चेहरा उतरला होता, पण एकेक चित्र उघडत गेली. मी आधीची बघितली, नंतरची बघितली, एकातून दुसरं वजा केलं. चारही ठिकाणी काही म्हणजे काही नव्हतं. दीर्घिका शांत झोपलेल्या.

"आता हे बघ," म्हणत तिने येर्नेयचा निकाल उघडला. एका जागेपुढे त्याने 'काही नाही' असं लिहिलं होतं. उरलेल्या तिन्हीतून वर्णपट निघाले होते. गुळगुळीत, देखणे, लाल कडेला खळीसकट.

मला वाटलं होतं तिला आनंद होईल. ती डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसत बसली.

"हाताने काढतोय," ती म्हणाली. "चित्रकार आहे. मी म्हणत होते ना."

"थांब जरा. हाताने काढणारा माणूस आधी चित्र बघेल. ह्या जागा त्याने बघितल्या असत्या तर तिथे काही नाही हे पोरासोरांनाही कळलं असतं. कबूल?"

ती पुसता पुसता थांबली.

"चोर असता तर एवढा बेसावध नसता," मी म्हणाले.

"म्हणजे हा बघतच नाहीये," ती सावकाश म्हणाली. "चित्रं उघडतच नाहीये. प्रोग्रामात टाकतोय आणि बाहेर येईल ते घेतोय." मग चष्मा लावून, "ते लॅपटॉप झाकणं कशासाठी मग?"



दुसऱ्या दिवशी बुर्या सुटला होता. आमच्याकडे हा वारा सुटला की छपरांवरचे दगडसुद्धा कुरकुरतात. व्लास्ताने चार कागद छापून घेतले आणि मला म्हणाली, "तू चल. नाहीतर उद्या म्हणेल, मी एकट्याला गाठून दम दिला."

आम्ही आत शिरलो आणि येर्नेयने लॅपटॉप झाकला. व्लास्ताने माझ्याकडे एक नजर टाकली. मग कागद त्याच्या टेबलावर मांडले आणि कसं काय केलं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. तिचा आवाज शांत होता.

येर्नेयचा चेहरा आधी कोरा होता, मग कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे सापळा लावलात."

"परीक्षा घेतली."

"परीक्षा सांगून घेतात. बातागेलांना माहीत आहे?"

"त्यांनी नको म्हटलं होतं."

"आणि दारिंका, तुम्हाला?"

"कालपासून," मी म्हणाले.

तो कडवट हसला. "सगळ्या संस्थेला माहीत असेल. मीच एक बावळट. आणि ह्या जागा रिकाम्या आहेत हे कशावरून? तुम्ही म्हणता म्हणून?"

"मी म्हणते म्हणून मुळीच नाही. दुर्बिणीच्या संग्रहातून मूळ चित्रं उतरवून घे. माझ्याकडची घेऊच नकोस."

त्याने तेच केलं. दुसऱ्या संगणकाकडे वळला, आमच्याकडे पाठ करून. चित्रं उतरायला वेळ लागला. खिडकीची झडप आपटत होती, मी उठून खिट्टी लावली. मग तो एकेक चित्र उघडून बघत राहिला. जवळ नेऊन, लांब करून, उजेड वाढवून, कमी करून. व्लास्ता उभीच होती. त्याने तिला बस म्हटलं नाही आणि तीही बसली नाही.

बऱ्याच वेळाने तो वळला. राग गेला होता, पण जे आलं होतं ते बघायला जास्त अवघड होतं.

"मी प्रोग्रामला रिकामी जागा कधी दिलीच नाही," तो म्हणाला. "तपासताना मी खोटे तारे करून दीर्घिकांमध्ये पेरायचो आणि हा ते शोधून काढायचा. शंभरातले पंच्याण्णव बरोबर. पण दर वेळी आत काहीतरी पेरलेलं असायचंच."

"आणि शिकवलंस कशावरून?" व्लास्ताने विचारलं.

"आधीच्या ताऱ्यांवरून. बहुतेक खळीवालेच. म्हणून उजेड कमी पडला की हा..." तो थांबला.

"आठवणीतलं भरतो," व्लास्ता म्हणाली.

त्याने मान हलवली. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "त्या लांबच्या ताऱ्याची खळी बघून मलाही एकदा वाटलं होतं, एवढी कशी स्वच्छ. पण मला ती हवी होती."

आता खरं तर निघायला हवं होतं. पण व्लास्ता ती व्लास्ताच.

"आणि हा लॅपटॉप का झाकतोस दर वेळी?"

येर्नेयने तिच्याकडे बघितलं, मग लॅपटॉप उघडून आमच्याकडे फिरवला. नोकरीचे अर्ज होते. ग्रानादा, क्राकोव्ह, आणखी कुठलं कुठलं.

"वसंतात माझी मुदत संपते. बाहेर शोधतोय हे बातागेलांना कळलं तर ते वाढवून द्यायचा विचारही करणार नाहीत. एवढंच आहे. तुम्हाला काय वाटलं होतं?"

"काही नाही," व्लास्ता म्हणाली. तिच्या गळ्यावर लाली चढलेली मला दिसत होती.

बातागेलांना त्याने स्वतः जाऊन सांगितलं. ते रागावले, पण त्याच्यावर नाही. व्लास्ताला म्हणाले, "नको म्हटलं होतं ना मी?" ती म्हणाली, "म्हटलं होतं." पुढे किती तरी दिवस ते तिच्याशी कामापुरतं बोलायचे, जणू खळी तिनेच बुजवली होती.

पाडोव्हाला लांबचा तारा दाखवला गेला नाही. येर्नेयने व्यासपीठावर उभं राहून त्या चार रिकाम्या जागा दाखवल्या, आणि आपला प्रोग्राम त्यातल्या तीन जागांतून काय काढतो तेही. सभागृहात थोडं हसू फुटलं. मी पहिल्या रांगेकडे बघत होते, तिथले दोघंतिघं हसत नव्हते. त्यांच्याकडेही असेच प्रोग्राम होते. चहाच्या वेळी त्यातला एक येर्नेयला कोपऱ्यात घेऊन बराच वेळ काहीतरी विचारत होता. व्लास्ताचं नाव येर्नेयने भाषणात घेतलं होतं, नीट, आदराने. पण परतीच्या गाडीत तो तिच्या शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसला.

त्यानंतर कँटीनमध्येही तो आमच्या टेबलावर येईनासा झाला. एकदा मला जिन्यात म्हणाला, "त्यांचं बरोबर होतं, मी नाही म्हणत नाही. पण आधी मला विचारलं असतं तर मी स्वतःच रिकाम्या जागा दिल्या असत्या."

मी हे व्लास्ताला सांगितलं.

"विचारलं होतं की. सूप खाताना. तो हसला होता."

दोघांचंही खरं होतं. मी त्यात पडले नाही.

हिवाळाभर त्या दोघांनी एकत्र काम केलं, म्हणजे एकाच यादीवर, वेगवेगळ्या खोल्यांतून. येर्नेयने प्रोग्रामला नवीन शिकवण दिली आणि प्रत्येक चित्र डोळ्यांनी बघायला लागला. यादीतले बहुतेक तारे टिकले, पण त्यांचे वर्णपट आता गुळगुळीत राहिले नाहीत. लाल कडेच्या खळ्या एकामागून एक गेल्या. त्या लांबच्या ताऱ्याचं तर काहीच सांगता येईना. व्लास्ताचं मत होतं की तिथे मुळात ताराच नाही, दीर्घिकेच्या गाभ्यातल्या कृष्णविवराभोवतीचा वायू लुकलुकला असेल. येर्नेय म्हणायचा, तारा आहे. दोघंही हे मला सांगायचे, एकमेकांना नाही.

त्याची मुदत वाढली नाही. बातागेल म्हणाले पैसे नाहीत, आणि बहुधा खरंच नव्हते, पण आता कोणाच्याच कुठल्याच कारणावर माझा पटकन विश्वास बसत नसे. एप्रिलमध्ये तो ग्रानादाला गेला. जायच्या दिवशी व्लास्ताने त्याला घरच्या वाइनची बाटली दिली. "चाखून बघ आधी," ती म्हणाली. तो म्हणाला, "बघेनच."

दुर्बीण पुन्हा त्याच कोनात यायला शरद ऋतू उजाडला. लांबच्या ताऱ्याची जागा पुन्हा टिपली गेली, आता नुसती दीर्घिका. व्लास्ताने तिच्या जुन्या पद्धतीने एकातून दुसरं वजा केलं. मी तिच्या खांद्यावरून बघत होते.

तारा होता. व्लास्ता चुकली होती. निळ्या बाजूला त्याचे उंचवटे ओळखू येत होते, गाभ्यातल्या लुकलुकीचे नसतात तसे. पण लाल कडेला नुसता खुंटांचा दाट पट्टा, त्यात खळी आहे की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तारा फुटला होता एवढं नक्की, जात कुठली ते कायमचं राहिलं, कारण तो आता विझला होता.

"कळव त्याला," मी म्हणाले.

"कळवतेच आहे." तिने लिहिलं, 'तारा आहे. तुझं बरोबर. जात सांगता येत नाही.' सोबत वर्णपट जोडला.

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. अभिनंदन नाही, हायहॅलो नाही. 'दोन्ही वेळची मूळ चित्रं पाठवाल का? कोन किती जुळला होता? मी स्वतः वजा करून बघतो.'

व्लास्ताने ते दोनदा वाचलं. "बघ कार्ट्याला. माझ्यावर विश्वास नाही," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळभर बसून एकेक चित्र त्याला पाठवत राहिली. मध्येमध्ये पुटपुटत होती. आठवड्याने त्याने एक चूक काढून पाठवली. दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवताना तिच्याकडून केसभर सरकली होती. तिने तपासलं, दुरुस्त केलं, एक उंचवटा थोडा बुटका झाला.

लेख दोघांच्या नावाने छापून आला. त्यातला तो खुंट वाढलेला वर्णपट बातागेलांना अजून आवडत नाही.